नागलीचा मॅश अखेर वाहता झाला

आधी बातमी. ३० टक्के नागलीचा (नाचणीचा) मॅश, म्हणजे बिअरसाठी गरम पाण्यात भिजवलेलं धान्य, पूर्ण गळला. मध्येच काठी घालून न ढवळता, खालून उलटं पाणी न मारता, कुणालाही शिव्या न देता. ओजी, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड रसाची घनता, १.०४६ धरली होती, १.०४४ आली. त्या दोन पॉइंटांचं मला काडीचंही दुःख नाही.

जुन्या मंडळींना पार्श्वभूमी नको. नव्यांसाठी एवढंच, की सगळे प्रयोग मित्राच्या परवानाधारक ब्रूपबमध्ये (स्वतःची बिअर करणाऱ्या पबमध्ये), कोपऱ्यातल्या ५० लिटरच्या पायलट किटवर, म्हणजे चाचणीच्या छोट्या संचावर, होतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि बिअर घरच्यापुरती करायची म्हटली तरी परवाना लागतो. तेव्हा गच्चीवर पातेलं चढवून हात साफ करा, असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

आता मूळ दुखणं. बार्लीचा दाणा मोठा आणि त्याला स्वतःचं टरफल. रोलर मिलमध्ये दाणा फुटतो, टरफल बऱ्यापैकी अखंड राहतं आणि फॉल्स बॉटमवर (टाकीतल्या भोकं असलेल्या दुसऱ्या तळावर) त्या टरफलांचाच थर गाळणीचं काम करतो. नागलीचा दाणा जेमतेम दीड मिलिमीटर, टरफल नाहीच, आहे ती अंगाला चिकटलेली पातळ तांबूस साल. बार्लीसाठी मिलचं अंतर १.२ मिलिमीटर ठेवलं की बरीचशी नागली अख्खी पलीकडे पडते. अंतर आवळत नेलं की पीठ होतं आणि मॅश टनमध्ये, म्हणजे मॅशच्या टाकीत, बिअरऐवजी आंबील शिजते. बरं, गोष्ट दळण्यावर संपत नाही. नागलीचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते. ६५-६६ अंशांना बार्ली आपलं काम उरकून मोकळी होते, तेव्हा नागली अर्धवट फुगून चिकट बसलेली असते. आयोडीनचा थेंब टाकला की निळाशार, म्हणजे स्टार्च तसाच शिल्लक. साखर कमी ती कमी, वर तोच चिकटा गाळणीची भोकं लिंपतो.

सिक्कीम-नेपाळकडचे लोक याच धान्याचा तोंगबा पितात आणि त्यांनी हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. आंबवलेली नागली भांड्यात, वरून गरम पाणी, आणि बांबूची नळी. टोकाला बारीक चिरा असल्यामुळे ती नळीच गाळणी. गाळायचं काम पिणाऱ्यावर सोपवलेलं. पायलट किट तुंबलेलं असताना मला हे फार शहाणपणाचं वाटायचं.

जे जे करून पाहिलं ते थोडक्यात. मॅशआउट, म्हणजे गाळण्याआधी मॅश तापवणं, ७६ वर नेलं, चिकटपणा किंचित उतरला. खालून गरम पाणी सोडून थर उचलला, दहा मिनिटं धार लागली, पुन्हा ठप्प. पंप मंद केला, थेंब थेंब. नागलीचं प्रमाण १५ टक्क्यांवर आणलं तेव्हा गळलं, पण मग ग्लासात नागली सापडेना. तिची चवच लागणार नसेल तर हा उपद्व्याप कशाला?

पहिला खरा फरक पडला घोटीच्या तुसामुळे. गव्हाच्या बिअरसाठी लोक भाताचं तूस वापरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि विकणारेही आहेत. छान पाकिटात, धुतलेलं, धान्यापेक्षा महाग. इथून, नाशिकहून, तासाभरावर घोटीत भाताच्या गिरण्या असताना तूस कुरिअरने मागवणं मला पटत नाही. फक्त गिरणी बघून घ्या. जुन्या हलर गिरणीत सडणं आणि पॉलिश एकाच दमात होतं, त्यामुळे तुसाचा चुरा होऊन कोंड्यात मिसळतो. तो कोंडा तेलकट, काही दिवसांत खवट होणारा, आपल्या उपयोगाचा नाही. रबर रोलची गिरणी असेल तर तूस जवळजवळ अख्खं, होडीच्या आकाराचं मिळतं. ते गरम पाण्यातून दोनदा खळखळून काढायचं, धूळ जाते आणि मॅशचं पाणीही शोषत नाही. नऊ किलो धान्याला मी साडेचारशे ग्रॅम टाकतो.

तुसाने वाट मोकळी झाली, पण चिकटा राहिलाच. म्हणून नागली वेगळी शिजवायची ठरवलं. अमेरिकन लागरवाले (लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबणारी बिअर) मका आणि तांदळाचं हेच करतात, त्यात माझं डोकं काही नाही. २.७ किलो नागली बारीक अंतरावर फक्त फोडून घेतली, पीठ नाही. त्यात ३०० ग्रॅम बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि साधारण साडेदहा लिटर पाणी. ७० ला वीस मिनिटं थांबलो. ही पायरी गाळू नका. याच वेळात माल्टमधलं अल्फा अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, पेज पातळ करतं, नाहीतर उकळताना पातेल्याच्या तळाला चिकटून करपते. मग वीस मिनिटं उकळी. तोवर मुख्य मॅश, म्हणजे उरलेली सहा किलो बार्ली, १८ लिटर पाण्यात ५० अंशांवर बसवलेली. उकळती पेज त्यात ओतली आणि काटा बरोबर ६६ वर येऊन थांबला. गणित कागदावर जमलेलं होतं, पण थर्मामीटरने ते मान्य केलं याचं सुख वेगळंच. पाऊण तासाने आयोडीन तपकिरीच राहिलं. पहिल्यांदाच.

शेवटचा अडसर सुटला तो साध्या पारदर्शक नळीने. फॉल्स बॉटमच्या खालच्या जागेतून एक नळी काढून टनच्या बाहेर उभी बांधली. थर मोकळा असेल तर नळीतली पातळी आणि टनमधली पातळी जवळपास सारखी. पंप जास्त ओढायला लागला की खाली दाब कमी होतो आणि नळीतलं पाणी उतरतं. चार-पाच सेंटिमीटर उतरलं की झडप आवळायची, पातळी वर आली की सोडायची. आजवर थर दबतोय हे धार बंद पडल्यावर कळायचं, आता आधीच दिसतं. मोठ्या लॉटर टनवर (गाळायच्या टाकीवर) यासाठी सेन्सर असतात. माझी नळी हार्डवेअरच्या दुकानातली, वर्टचं, म्हणजे गाळलेल्या गोड रसाचं, तापमान सोसणारी सिलिकॉनची घ्या म्हणजे झालं. साधी प्लास्टिकची मऊ पडून लोळते.

रनऑफला, म्हणजे रस गळून यायला, सव्वा तास लागला. स्वच्छ, तांबूस वर्ट, नागलीच्या भाकरीचा वास. नंतर मी अर्धा तास काहीही न करता केटलकडे बघत उभा होतो, हे मित्र सगळ्यांना सांगत सुटला आहे.

सालीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून स्पार्जचं, म्हणजे थर धुवायचं, पाणी फॉस्फरिक ॲसिडने पीएच ५.८ वर आणलं होतं आणि ७६ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. यूएस-०५ यीस्टवर १८-१९ अंशांना आंबवण चालू आहे. काल हायड्रोमीटरच्या नळकांड्यातली चाखली: घनता १.०१०, कोरडी, मध्ये दाणेदार चव, शेवटी किंचित तुरट. ती तुरट बाजू थंडीत ठेवल्यावर बसेल असं वाटतं.

नागली कुठली हे विचारलं जातं. पेठकडचा एक महिला बचत गट सत्त्वासाठी नागलीला मोड आणतो, ती वाळवून पाखडलेली, पण दळायच्या आधीची मी उचलतो. भिजवणं, फडक्यात बांधणं, बुरशी येऊ न देता मोड काढणं, वाळल्यावर चोळून सुपात पाखडणं, हे त्या बायका इतकं एकसारखं करतात की आयात माल्टच्या पोत्यातसुद्धा कधी कधी एवढा एकसारखेपणा नसतो. कशासाठी हवी हे मावशींना सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "दारूला का? मग पैसे आधी दे."

आता छोटी ब्रुअरी काढू पाहणाऱ्यांसाठी. मागच्या वेळी टाक्या किती आणि केवढ्या, यावरच सगळे प्रश्न होते. मी म्हणेन, टाक्या शेवटी मोजा. आधी जागेचं पाणी तपासा, तेही भाडेकरारावर सही करण्याआधी. मग जमिनीचा उतार आणि गटार बघा, कारण या धंद्यात बिअर करण्यापेक्षा धुण्यात जास्त वेळ जातो. मग थंडावा. डिसेंबरात निफाडचा पारा बातम्यांत झळकतो तेव्हा सगळं सोपं वाटतं, पण मे महिन्यात नळाचंच पाणी ३० अंशांचं असेल तर प्लेट चिलरमधून वर्ट १८ वर कसा येणार? दुसऱ्या टप्प्याला ग्लायकॉल (न गोठणारं थंड द्रावण) किंवा बर्फाचं पाणी लागतंच. चिलरची क्षमता कुठल्या बाहेरच्या तापमानाला मोजली आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. ३५ ला जी मिळते ती ४० ला मिळत नाही.

आणि लॉटर टनवर पैसे घाला. तांब्याचं चकाकतं आवरण गिऱ्हाइकाला फोटोपुरतं लागतं, वेज वायरचा, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या तारांचा, फॉल्स बॉटम तुम्हाला रोज लागेल. आमचा अंबडच्या एका फॅब्रिकेटरने करून दिला, वायनरीची कामं करणारा माणूस, वेल्ड आतून घासूनपुसून गुळगुळीत. नाशिकची ही चैन आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर इथे वायनऱ्या उभ्या राहिल्या, त्यामुळे स्टेनलेसची जाण असलेले वेल्डर, फूड ग्रेड होज, झडपा, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सगळं हाताशी मिळतं. मेटाबायसल्फाइटची चिमूट नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारते, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. यीस्ट मात्र उन्हाळ्यात कुरिअरवर सोडू नका. मी एका पुरवठादाराला बर्फाच्या पिशव्यांचे पैसे देऊनही पाकिटं कोमट आली. आता मुंबईला कुणी जाणारं असेल तर थर्मासची पेटी हातात देतो.

नळांवर काय ठेवायचं? मला स्वतःला वायझन (जर्मन गव्हाची बिअर) आवडते, खरं यीस्ट वापरून केळं-लवंग आणणारी, आणि कोरडी स्टाउट. मिसळीनंतर कडवट आयपीए पिणाऱ्यांचं मला नवल वाटतं; हॉप्सचा कडवटपणा तर्रीची आग वाढवतो. पण गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, "स्ट्रॉंग आहे का?" तेव्हा स्वतःच्या आवडीवर सगळे नळ लावू नका. लागरचा मोहही आवरा. एल (जरा उबेला लवकर आंबणारी बिअर) दोन-तीन आठवड्यांत टाकी सोडते, लागर पाच-सहा आठवडे ठाण मांडून बसते, आणि टाकीचं भाडं तुम्हीच भरत असता.

पुढचा बॅच संत्र्याची साल आणि धने घालून विट (बेल्जियन गव्हाची बिअर) करायचा होता. हे लिहिता लिहिता तो रद्द केला. कारण असं की ब्रूपबच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. फिकट बिअरला ते छळतं, मॅशचा पीएच वर चढतो, म्हणून आम्ही आरओ लावून निम्मं पाणी फेकतो. १८४२ मध्ये पिल्सेनला ती फिकट लागर जमली ती तिथल्या मऊ पाण्यामुळे, आणि डब्लिनच्या क्षारयुक्त पाण्याला काळी स्टाउट मानवली, कारण भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं आणि पीएच खाली ओढतं. मग नागली काळी भाजली तर? आठ टक्के भाजलेली, वीस टक्के मोड आलेली नेहमीच्या पेजेची, बाकी बार्ली. भाजलेल्या नागलीला रंग आणि चवीसाठीच घ्यायचं, तिला शिजवायची गरज नाही, म्हणजे पेजही कमी चिकट. पाणी सरळ बोअरचं, पीएच ५.३ ते ५.५ मध्ये आला तर आरओची जरूरच नाही. आणि स्टाउट मला आवडतेच.

कढईत मूठभर भाजून पाहिली. दाणे लाह्यांसारखे उडतात, काही जळतात, काही तांबडेच राहतात. ढोल रोस्टर हवा. नाशिकमध्ये कुणाकडे छोटा कॉफी रोस्टर असेल तर सांगा, दोन किलो भाजायची आहे. पण आधी ढोलाची भोकं मोजून कळवा. दीड मिलिमीटरच्या वर असतील तर सगळी नागली खाली गळून जाईल.