इन्फ्रारेडचा फोकस ‘पुढे’ घ्यायचा, म्हणजे नेमका कुठे?

डोळ्यांना न दिसणारा, लालपलीकडचा इन्फ्रारेड प्रकाश टिपणाऱ्या फिल्मचे माझे दोन रोल एका शब्दापायी वाया गेले. “इन्फ्रारेडसाठी फोकस थोडा पुढे घ्यायचा,” एवढंच मला सांगण्यात आलं होतं. पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. मी अंतराची रिंग पुढच्या आकड्याकडे फिरवली. ८ मीटरवरच्या झाडासाठी १२ मीटर लावले. एफ/५.६ वर (एफचा आकडा लहान, तितकं ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं) काढलेलं ते झाड पांढरंशुभ्र आलं, आकाश काळंभोर आलं, पण एकही पान सुटं दिसेना. फांद्यांवर कापूस चिकटवावा तसं. हा इन्फ्रारेडचाच परिणाम असेल असं समजून मी दुसरा रोलही तसाच काढला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कॅमेरा घडीचा, भात्याचा, ६×६ सेंटिमीटरच्या फ्रेमचा. लेन्स ७५ मिमीची, तीन काचांची. पुष्कळ जुन्या लेन्सवर लाल ठिपका किंवा ‘आर’ अक्षर असतं. नेहमीसारखा फोकस करायचा, जे अंतर येईल ते त्या खुणेसमोर आणायचं, काम झालं. माझ्या लेन्सवर तसलं काही नाही.

काच इन्फ्रारेड प्रकाशाला साध्या प्रकाशापेक्षा कमी वळवते, म्हणून त्याची प्रतिमा फिल्मच्या किंचित मागे पडते. ती फिल्मवर आणायची तर लेन्स फिल्मपासून लांब न्यावी लागते. म्हणजे लेन्स पुढे जाते, पण रिंगवरचा आकडा लहान होतो! ८ मीटरच्या झाडाला ८ पेक्षा कमी आकडा हवा होता. मी मोठा लावून चूक दुप्पट केली होती.

किती कमी, हे डोळ्यांनी कळत नाही. फिल्मच्या जागी दुधी काच धरून, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं ठेवून पाहिलं तरी तिच्यावर दिसतो तो साधा प्रकाशच. तिचा उपयोग एवढाच की रिंगवरचे ३ मीटर खरोखर ३ मीटर आहेत का, ते तपासता येतं. जुन्या कॅमेऱ्यात हे आधी तपासाच. पुढची काच कुणीतरी कधीतरी खोलून चुकीची बसवलेली असू शकते.

मग मी आकडे लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागे एक, १५ सेंटिमीटरच्या अंतराने, तिरक्या रांगेत उन्हात उभी केली. रिंग ३ मीटरवर, ॲपर्चर पूर्ण उघडं, ट्रायपॉड. रोलाय इन्फ्रारेड ४०० ही फिल्म आणि ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, म्हणजे साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारी काच. निगेटिव्ह वाळल्यावर भिंगाखाली धरली. ३ मीटरवरच्या कार्डाचा आकडा पुसट, त्यामागचा बरा, आणि ३ मीटरच्या कार्डामागच्या तिसऱ्या कार्डावर पेनाची रेघसुद्धा स्पष्ट. म्हणजे ३ मीटरचा फोकस इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ ३.४५ मीटरवर पडत होता.

इथून पुढे साधं गणित आहे. १/३ मधून १/३.४५ वजा केले की साधारण १/२३ उरतो. हा १/२३ प्रत्येक अंतराच्या व्यस्तात (८ मीटरला १/८) मिळवायचा, आणि बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्यायचा. ८ मीटरला मग ६ मीटर लावायचे, ५ ला सुमारे ४.१, आणि अनंतावरच्या डोंगराला २३ मीटर. लेन्सची हालचाल फक्त पाव मिलिमीटरची, फोकल लांबीच्या तीनशेव्या भागाएवढी. हा आकडा माझ्या लेन्सचा, या फिल्मचा आणि या फिल्टरचा आहे, तुम्ही तुमचा काढा. इलफर्डची एसएफएक्स फिल्म जेमतेम ७४० नॅनोमीटरपर्यंत पाहते, तिथे फरक फारच कमी पडेल. कोडॅकची २००७ साली बंद झालेली एचआयई फिल्म ९०० पर्यंत जायची.

एफ/११ ला ही चूक बरीचशी झाकली जाते, हे खरं. पण या फिल्टरबरोबर मी फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, १२ आयएसओ धरतो, म्हणजे भर उन्हातही १/२५ सेकंद. ट्रायपॉड नसेल तर एफ/११ परवडत नाही. एफ/२२ पर्यंत तर जाऊच नका. लांब तरंगलांबीला विवर्तन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं) जास्त, चित्र पुन्हा मऊ पडतं.

एक राहिलंच. कॅमेऱ्याच्या पाठीवर फ्रेमचे आकडे पाहायची लाल खिडकी असते, तिच्यावर काळी पट्टी लावा आणि रोल पुढे सरकवताना सावलीत तेवढ्यापुरती उचला. लाल काच या फिल्मला अडवत नाही. माझ्या पहिल्या रोलवर प्रत्येक फ्रेमच्या मधोमध गोल डाग होता, आणि त्याचा दोष मी कितीतरी दिवस भात्याला देत होतो.

तेच झाड परवा पुन्हा काढलं. रिंग सहावर, एफ/५.६. भिंगाखाली पानांच्या शिरा मोजता येतात.