दीडशे लिटरांचा संसार

मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, नळ उघडला की ओट्याखालचा छोटा पंप घरघरू लागतो आणि नळ बंद केला की तो गप्प होतो. पंचवीस फुटी घरात ही घरघर कुठेही ऐकू येते, त्यामुळे आपल्या जोडीदाराने दात घासताना नळ किती वेळ उघडा ठेवला, हे दुसऱ्याला न विचारता कळते. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही पैशांचा, औषधांचा आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या मानपानाचा हिशेब एकमेकांना देत आलो होतो. पाण्याचा हिशेब मात्र अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या गवताळ टेकड्यांमधून हिंडताना पहिल्यांदाच द्यावा लागला.

आम्ही ओमाहाला राहतो. येथून पश्चिमेकडे जाणारा जवळपास प्रत्येकजण प्लॅट नदीच्या काठाने धावणारा ऐंशी क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग धरतो, दिवसभर मक्याची शेते पाहतो आणि नेब्रास्का सपाट व कंटाळवाणे आहे असे ठरवून डेन्व्हरला पोहोचतो. आमचेही मत अनेक वर्षे तेच होते. ग्रँड आयलंडहून निघून अलायन्सपर्यंत जाणारा दोन क्रमांकाचा राज्यमार्ग सुमारे २७२ मैलांचा, म्हणजे जवळजवळ ४४० किलोमीटरचा आहे, आणि ब्रोकन बो हे गाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात त्याच्या दोन्ही बाजूंना सँडहिल्सच्या टेकड्या सुरू होतात. साध्या गाडीने पाच-सहा तासांत संपणारा हा रस्ता आम्ही भाड्याच्या मोटरहोममधून रमतगमत केला. हे वाहन एका गॅलन इंधनात आठ-दहा मैलांपेक्षा जास्त जात नाही, हेही रमण्याचे एक कारण होते.

सँडहिल्स म्हणजे खरोखरच वाळूच्या टेकड्या. राज्याचा साधारण चौथा हिस्सा, सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-षष्ठांश एवढा प्रदेश त्यांनी व्यापला आहे, आणि पश्चिम गोलार्धात वाळूच्या टेकड्यांचा एवढा मोठा पसारा दुसरा नाही. वाऱ्याने रचलेली ही वाळू आज हलत नाही, कारण गवताच्या मुळांनी ती गोधडीच्या टाक्यांसारखी जागच्या जागी धरून ठेवली आहे. जिथे गुरांच्या खुरांनी किंवा गाडीच्या चाकांनी टाका उसवतो, तिथे वारा टेकडीला पोखरून वाटीएवढ्या खळग्याचे पाहता पाहता मोठे भगदाड करतो. म्हणूनच येथे नांगर चालत नाही. सरकारने १९०४ च्या किंकेड कायद्याने या भागात वसाहत करणाऱ्यांना प्रत्येकी ६४० एकर जमीन देऊ केली, तेव्हा लोक मोठ्या उमेदीने आले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी नांगरलेल्या जमिनीतली वाळू उडताना पाहिली आणि काही वर्षांत जमीन शेजारच्या रँचवाल्याला, म्हणजे मोठ्या कुरणावर गुरे पाळणाऱ्याला, विकून वाट धरली. आपल्याकडे एवढी जमीन असलेल्या माणसाला जहागीरदार म्हटले असते. येथे एका गाईला आणि तिच्या वासराला पोसायलाच दहा ते वीस एकर गवत लागते, त्यामुळे ६४० एकरांवर एक कुटुंब जेमतेमही जगत नव्हते.

माझे बालपण माण तालुक्यात गेले. तेथे पाणी हंड्यांनी मोजले जायचे, आणि मोटरहोमच्या टाकीत दीडशे लिटर पाणी मावते हे ऐकल्यावर मला ते ऐश्वर्य वाटले. नवरा दादरचा. त्याच्या घरी नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येई, पण आले की धो धो येई, त्यामुळे पाणी आले म्हणजे ते वापरून संपवायचे, अशी त्याची धारणा आहे. पहिल्या मुक्कामी त्याची आंघोळ चालू असताना मी पंपाची घरघर ऐकत बसले आणि शेवटी दारावर टकटक करून म्हणाले, “अरे, तू आंघोळ करतोयस की अभिषेक?” आतून उत्तर आले, “तुझ्या कुकरला लागेल तेवढं ठेवतोय, काळजी करू नकोस.” पुढे पुढे तो अंग ओले करून नळ बंद करायला, साबण लावून मग पुन्हा नळ उघडायला शिकला. मीही ताटे आधी पोळीच्या तुकड्याने, मग कागदाने पुसून घेऊ लागले, कारण वरणाच्या तवंगाला जितके पाणी लागते तितक्यात दोन माणसांचा सकाळचा चहा होतो.

या घराला पाण्याच्या एकूण तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी ओटा व न्हाणीतून आलेल्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाची. दुसरीला करडी आणि तिसरीला काळी म्हणतात. ठरावीक तळांवर जमिनीतल्या झाकणाला जाडजूड नळी जोडून त्या रिकाम्या कराव्या लागतात. त्याचा क्रम पक्का आहे: आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हे काम नवऱ्याने हौसेने अंगावर घेतले. ज्या माणसाने घरची मोरी कधी घासली नाही, तो हातमोजे घालून, नळीला उतार नीट मिळावा म्हणून तिच्याखाली टेकू लावताना आणि पारदर्शक जोडातून पाणी कोणत्या रंगाचे येत आहे ते वाकून पाहताना मी पाहिला. त्यावर मी काही बोलले नाही, कारण चालत्या कामात कौतुक केले की तो ते काम सोडून कौतुकावर बोलू लागतो.

आता त्या टेकड्यांच्या पाण्याविषयी. येथे वर्षाला साधारण साडेचारशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माणदेशापेक्षा फार जास्त नाही. माणदेशात पावसाखाली काळा पाषाण असतो. पाणी त्यावरून वाहून जाते आणि मुरते ते फटीफटीतून, थोडेसेच. येथे पाऊस पडला की वाळू तो जागीच पिऊन टाकते, ओढे जवळजवळ तयारच होत नाहीत, आणि ते पाणी खाली ओगालाला नावाच्या प्रचंड भूजलसाठ्यात जाऊन साठते. काही ठिकाणी या पाणथराची जाडी शेकडो फूट आहे. याच साठ्याची दक्षिणेकडची टोके, कॅन्सस आणि टेक्सासमध्ये, शेतीच्या उपशाने खालावत चालली असताना येथे मात्र टेकड्यांमधल्या सखल जागी भूजल सरळ वर येऊन तळी आणि कुरणे बनून राहते. डिझमल नदी आणि मिडल लूप नदी याच झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात, म्हणून त्या उन्हाळ्यात आटत नाहीत आणि पावसाने फारशा फुगतही नाहीत. एवढ्याच पावसात एवढे पाणी, हे पाहून मला आनंद झाला असे म्हणता येणार नाही. हेवा वाटला.

दर दोन-तीन मैलांवर एक पवनचक्की आणि तिच्या पायाशी पत्र्याची गोल टाकी दिसते. लोखंडी पाती फिरतात, दांडा खालीवर होतो आणि प्रत्येक फेऱ्यात चूळभर पाणी टाकीत पडते. वारा फार झाला तर शेपटी वळून चाक वाऱ्यापासून बाजूला होते, माणसाला धावावे लागत नाही. टाक्यांमधले अंतर गुरांच्या पायांनी ठरवलेले आहे, कारण पाण्यासाठी फार चालावे लागले तर गाय टाकीजवळचे गवत मुळापासून खाते आणि दूरचे तसेच सोडते. अनेक ठिकाणी आता पवनचक्कीशेजारी सौरपंप आला आहे. तो जास्त भरवशाचा आहे यात शंका नाही, तरी चाक फिरते की नाही हे मैलभरावरून घोड्यावर बसल्या बसल्या पाहता येत होते, आणि सौरपट्टीकडे पाहून दुरून काहीच कळत नाही.

याच गुरांच्या टाक्यांमध्ये बाके बसवून लोक नदीतून तरंगत जातात, आणि मलन गावाजवळ हौशी मंडळींना अशा टाक्या भाड्याने मिळतात. आम्हीही एका टाकीत बसलो. ती वल्हवता येत नाही, फक्त काठावर आपटू नये म्हणून ढकलता येते, आणि गोल असल्यामुळे ती सावकाश स्वतःभोवती फिरत राहते. परिणामी दोघांपैकी कोण पुढे बसले आहे हा प्रश्न कायमचा मिटतो. मोटरहोममध्ये स्टिअरिंग कोणी धरायचे यावरून झालेल्या चर्चांनंतर हे फार बरे वाटले.

गुरांविषयी लिहिताना जरा सांभाळून लिहायला हवे. ही बहुतेक काळी अँगस गुरे मांसासाठी पाळलेली आहेत. हिवाळा सरता सरता वासरे जन्मतात, वसंताअखेरीस शेजारीपाजारी जमून त्यांना डाग देतात, उन्हाळाभर ती आईसोबत चरतात आणि शरद ऋतूत विकली जाऊन मक्याच्या प्रदेशात, गुरांना दाणा चारून पुष्ट करणाऱ्या गोठाणांकडे रवाना होतात. हायॅनिसजवळ एका रँचवालीशी बोलत असताना तिने मला विचारले की तुमच्याकडे गाय म्हातारी झाली की काय करता. मी म्हणाले की आमच्या राज्यात कत्तलीला कायद्याने बंदी आहे, आणि मग चाऱ्याचा खर्च कोण करतो या तिच्या पुढच्या, अगदी व्यवहारी प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. दुष्काळात माणदेशात उभ्या राहिलेल्या चारा छावण्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तिच्या गाई मोकळ्यावर चरतात, थंडीत व्यायला लागल्या तर ती मध्यरात्री कंदील घेऊन जाते. दोन्हीकडच्या माणसांचे गाईवर प्रेम असते, पण त्यांची वजावट वेगवेगळी आहे, एवढेच मी नवऱ्याला सांगितले. त्याने मात्र निघताना तिला विचारलेच की तुमची एकूण गुरे किती. ती हसली आणि हवेविषयी बोलू लागली. या मुलखात कोणाला गुरांची संख्या विचारणे म्हणजे बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे असते. ज्या समाजात पहिल्या भेटीत पगार विचारतात तेथून आलेल्या माणसाला हे सांगूनही पटत नाही.

रस्त्याच्या उत्तरेला पसरलेली चेरी काउंटी आकाराने जवळपास पुणे जिल्ह्याएवढी आहे आणि तिच्यात साडेपाच हजारांच्या आसपास माणसे राहतात. त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक पिकअपचालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून अभिवादन करतो. नवऱ्याने हे लगेच उचलले. मोठे वाहन सांभाळताना त्याला दोन्ही हात हवे असत, तरी बोट मात्र तो चुकवत नसे. आडरस्त्यांवर गुरे पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी गजांची जाळी घातलेली असते, तिला येथे ऑटोगेट म्हणतात. गाय तिच्यावर पाय ठेवत नाही. आमच्या घरातली झाकणे, चमचे आणि मसाल्याचा डबा मात्र तिच्यावरून जाताना एकदम बोलू लागत. थेडफर्ड आणि मलन यांच्या दरम्यान वेळेचा पट्टा बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जाते. नवऱ्याने मनगटावरचे, गाडीचे आणि मायक्रोवेव्हचे घड्याळ बदलले, आणि रात्रीची भूक मात्र ओमाहाच्या वेळेने लागली.

हाल्सीजवळच्या जंगलात आम्ही मुक्काम केला. चार्ल्स बेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९०२ मध्ये राखीव केलेल्या या वाळूत माणसांनी हाताने हजारो एकर पाइन आणि सीडार लावले. सावलीत गाडी उभी करायला मला नक्कीच आवडले. तरीही या जागेची गवताने नीट काळजी घेतलेली असताना झाडे कशासाठी लावली, हा प्रश्न उरतोच, विशेषतः आता सीडार कुरणांमध्ये पसरून गवत हटवू लागले आहे आणि रँचवाले ते तोडण्यावर खर्च करीत आहेत. २०२२ मध्ये या भागात मोठी आग लागली होती. तिच्या खुणा रस्त्यावरूनच दिसतात.

पुढे अँटिऑक येथे काँक्रीटच्या भिंतींचे अवशेष उभे आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा इथल्या खारट तळ्यांचे पाणी आटवून पोटॅश काढण्याचे कारखाने निघाले आणि ओसाड माळावर मोठे गाव वसले. युद्ध संपले, स्वस्त माल परत येऊ लागला आणि १९२१ पर्यंत सगळे बंद पडले. शेजारच्या रुळांवरून वायोमिंगचा कोळसा वाहणाऱ्या, मैलभर लांबीच्या मालगाड्या जात होत्या. नवरा डबे मोजत होता, पण कोळशावर चालणारी वीजकेंद्रे बंद होत चालल्यामुळे या गाड्यांचीही संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही.

अलायन्सला पोहोचलो तेव्हा स्वच्छ पाण्याची टाकी एक-तृतीयांश शिल्लक होती आणि त्याचे श्रेय कोणाचे, यावर आमचे एकमत झाले नाही. सांडपाण्याच्या तळावर आमच्या मागे एक तरुण जोडपे नव्याकोऱ्या मोटरहोममधून उतरले. मुलगा नळी हातात घेऊन सूचनापत्र वाचत होता. नवऱ्याने हातमोजे काढले, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याजवळ जाऊन, ओमाहाच्या शाळेत तीस मुलांसमोर उभे असावे अशा आवाजात सांगू लागला, “आधी काळी, मग करडी.” मी गाडीत जाऊन चहाचे आधण ठेवले. हे व्याख्यान लवकर संपणार नव्हते.