अडलेलं साल आणि रमजानातले पडदे

तीन आठवडे ज्या शब्दापाशी अडले होते, तो रविवारी सुटला! मोडीतली एक जुनी खरेदीची याद: 'छ १२ रमजान, सन खमस' ('छ' म्हणजे चांद्र तारीख), पुढे कसरीने खाल्लेलं अक्षर, त्याच्या पुढच्यावर फुटलेली शाई, मग 'न मया व अलफ' स्वच्छ. सबैन (सत्तर) की तिसैन (नव्वद)? खमस पाच, मया शंभर, अलफ हजार; म्हणजे सबैन तर शुहूर सन (मराठी दफ्तरांतली अरबी आकड्यांची कालगणना) ११७५, तिसैन तर ११९५. दोन्हीकडे अहिल्याबाई होळकरांचाच अंमल, त्यामुळे बाकी मजकुरावरून काही ठरेना.

भिंग झालं, मोबाइलचा उजेड कागदाला आडवा धरून झाला. फोटो उजळणाऱ्या अ‍ॅपांवर माझा आता विश्वास नाही. शाईचा डागही ती अक्षरासारखा ठळक करतात. इंदूरच्या खजुरी बाजारातल्या बटर पेपरवर बोरूने दोन्ही शब्द पंचवीसेकदा गिरवले. (कट निबाने नका करू, मोडीचं वळण बोरूलाच साधतं.) जागा दोन्ही शब्दांना सारखीच पुरते.

रविवारी रामबागेत आत्याकडे गेले, तर ती कुलरमध्ये नवा खस भरत होती. म्हणाली, "आमची आजी याला वाळाच म्हणायची गं." मी चहा तसाच ठेवला. चौथ्या ओळीत मी 'वाड्याचे पडदे' वाचून पुढे गेले होते! घरी येऊन त्याच कारकुनाच्या 'गूळ'मधला ळ ताडून पाहिला. वाळ्याचे पडदे, नग २.

हिजरी महिने दरसाल सुमारे ११ दिवस मागे सरकतात, वीस वर्षांत जवळजवळ सात महिने. शुहूर ११७५चा रमजान पडतो नोव्हेंबर १७७४मध्ये, कार्तिकात. थंडीच्या तोंडावर गारव्याचा वाळा कोण घेईल? ११९५चा रमजान मात्र १७९५च्या चैत्रात. म्हणजे तिसैनच, आणि कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. अहिल्याबाई त्याच वर्षी १३ ऑगस्टला महेश्वरात वारल्या. हा त्यांचा शेवटचा उन्हाळा. ते कळल्यावर कागद पुन्हा घडी घालायला हात धजेना.

माळव्यातला बाजार, मराठी कारकून, अरबी आकडे, हिजरी महिना, आणि शुहूर सन बदलणार मृगाला. याच सरमिसळीने अडवलं होतं, तिनेच वाट दाखवली.

आता रुमालातली (कागदांच्या गाठोड्यातली) पुढची दोन पत्रं घेणार होते, पण हे लिहितानाच सुचलं: आधी अहिल्याबाईंच्या कारकिर्दीचा, १७६७ ते १७९५चा, हिजरी महिन्यांचा तक्ता करते. नुसता महिना असलेले, सन नसलेले कागद मी बाजूला ठेवले होते. आंबे, तीळ, हुरडा, काहीतरी हंगामी त्यांत सापडेलच. पहिला कागद काढलाही: जिल्हेज (हिजरी बारावा महिना), आंब्यांच्या करंड्या चार.