इब्री 12 : पाठ होतं, पण म्हणायचं कुठे?

आपल्या शाळेत बायबलच्या तासाला नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय पाठ करून घेत. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो, हा भाग वर्गात कुणीही झोपेतून उठून म्हणून दाखवला असता. पुढे आपल्यातले काही पाळक झाले, काही मंडळीचे (चर्चचे) वडीलधारे पुढारी, काही शिक्षक. आणि ते वचन दुःखाच्या घरी जाऊ लागलं. घोळ होतो तो तिथेच. म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात गमतीजमती बाजूला ठेवून याबद्दलच लिहितो.

पत्र कुणासाठी आहे ते त्याच्या 10:32–34 मध्ये (दहावा अध्याय, वचनं 32 ते 34) कळतं. चारचौघांत बेअब्रू झालेली, मालमत्ता लुटली गेलेली, तुरुंगातल्या सोबत्यांच्या दुःखात वाटेकरी झालेली ही माणसं आता थकली आहेत. देवाने तुम्हाला टाकलेलं नाही, बाप लेकराला वळण लावतो तसं हे घ्या, असा धीर लेखक त्यांना देतो आणि त्यासाठी नीतिसूत्रे 3:11–12 चा आधार घेतो. याच पत्रात 5:8 मध्ये येशू पुत्र असूनही सोसलेल्या दुःखांतून आज्ञापालन शिकला असं आहे, आणि 4:15 मध्ये तो निष्पाप असल्याचं. तेव्हा दुःख दिसलं की पाप शोधायला निघणं या पत्रातच बसत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांहून जास्त अपराधी होती का, या प्रश्नाला येशूने लूक 13 मध्ये ‘नाही’ म्हटलं. जन्मतः आंधळ्या माणसाबद्दल, हे कुणाच्या पापामुळे, या प्रश्नाला योहान 9 मध्येही तेच उत्तर.

ईयोब म्हणजे जुन्या करारातला, काही दोष नसताना सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग त्यांतला अलीफज बोलू लागला. ईयोब 5:17 मध्ये तो म्हणतो, देव ज्याला शासन करतो तो धन्य! वाक्य इब्री 12 मध्ये सहज शोभलं असतं. पण 42:7 मध्ये देव याच अलीफजावर रागावतो. वचन खरं असूनही माणूस चुकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. आमच्या प्रवचनांत मात्र अलीफज अजून जिवंत आहे!

सर्वांत वाईट वापर मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत होतो. ‘सोस, देव घडवतोय.’ नवऱ्याच्या हाताला देवाचा हात म्हणणं हे सरळ खोटं आहे. तिची आधी सुरक्षित ठिकाणी सोय करावी, महिला हेल्पलाइन 181 किंवा तातडीला 112 चा नंबर द्यावा, प्रार्थना त्याबरोबर. दारूने यकृत गेलं, हा वेगळा प्रकार. तिथे कारण समोर असतं. पण तेही रोग्याने स्वतः काढलं तर बोलावं.

सांत्वनाला गेल्यावर पहिल्या आठवड्यात इब्री 12 उघडूच नये. स्तोत्र 13 घ्यावं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ चार वेळा येतं, भरवसा पाचव्यात. घरच्यांना तो भरवसा त्या दिवशी म्हणवत नसेल तर चौथ्यापाशी थांबावं. फारच काळोख असेल तर स्तोत्र 88, ज्याचा शेवटही काळोखातच होतो. प्रार्थना चार वाक्यांची पुरे; तिच्यात उपदेश घुसडू नये. आपल्यासाठी चहा टाकायला लावू नये. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. ते कागद कोण बघणार हे विचारून घ्यावं.

इब्री 12:11 प्रमाणे शिस्तीचं फळ मागाहून येतं, आणि 12:12 लगेच गळालेल्या हातांकडे, लटपटत्या गुडघ्यांकडे वळतं. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. अकरावं वचन समजावून सांगायचं तर मी त्यांचं नाव घेतो, आणि तेही वर्गात. प्रेत घरात असताना नाही.

वर्षाच्या स्मरणार्थ उपासनेला हा अध्याय चालतो, घरच्यांनी सुचवला तर. तेव्हा पाचव्या वचनापासून सुरू करू नये, पहिल्यापासून वाचावं. साक्षीदारांचा मेघ आणि वधस्तंभ सोसणारा येशू आधी येऊ द्यावा.