पुढील स्टेशन डोंबिवली

माझा मुलगा पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याच्या तोंडून लोकलमधली बाई बोलली. 'पुढील स्टेशन, डोंबिवली.' तोच सूर, स्टेशन म्हटल्यावर तोच जरासा थांबा. पावणेचार वर्षांचा होता. तोवर बोलणं म्हणजे नुसतं गुणगुणणं, आणि काही हवं असलं की माझं मनगट धरून माझा हात फ्रीजच्या हँडलवर नेऊन ठेवायचा. त्यामुळे त्या दिवशी आम्ही रडलो वगैरे, आईंनी म्हणजे सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि मग पुढचे सहा महिने तेच एक वाक्य ऐकून ऐकून आमचे कान किटले.

घरात त्याला सगळे दादा म्हणतात, धाकटी आहे म्हणून, इथेही तेच लिहिते. आता नऊचा आहे, तिसरीत. ऑटिझमचं निदान साडेतीनला झालं. त्याआधी नातेवाईकांची निदानं झाली होती: वेखंड उगाळून चाटवा, जिभेखालची शीर बघून घ्या, आई नोकरी करते म्हणून असं होतं, आणि आमचा अमका पण पाच वर्षांपर्यंत बोलला नव्हता आता गप्प बसत नाही. वेखंड चाटवून झालं. खोटं कशाला बोलू.

तर ते वाक्य. दर रविवारी नवरा त्याला ट्रेनने ठाण्याला नेऊन परत आणायचा, दुसरं काही नाही, नुसतं जायचं आणि यायचं. ते धरायचे त्या फास्टमध्ये ठाण्यानंतर थेट डोंबिवली, त्यामुळे ते वाक्य कानावर पडलं की समजायचं आता आपलं घर. हे मी आता लिहितेय तेव्हा किती सरळ वाटतंय. तेव्हा आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटायचं पोपटपंची.

डोक्यात आलं ते कल्याणला एका लग्नात. बँड, फुलांचा आणि जेवणाचा एकत्र वास, गाल ओढणाऱ्या मावश्या, आणि हा माझ्या पदराला धरून 'पुढील स्टेशन डोंबिवली, पुढील स्टेशन डोंबिवली'. मी दोनदा शूऽऽ केलं, तिसऱ्यांदा डोळे वटारले. अक्षता पडल्या, बँड जोरात सुरू झाला आणि हा खुर्च्यांच्या खाली जाऊन कान दाबून ओरडायला लागला, डोकं आपटत होता फरशीवर. एक मामी म्हणाल्या फार लाडावलाय गं. मी त्याला ओढत होते, जे अजिबात करायचं नसतं हे मला नंतर कळलं. शेवटी नवऱ्याने उचलून बाहेर पार्किंगमध्ये नेलं, गाडीच्या काचा बंद करून तासभर दोघं नुसते बसून राहिले. रात्री घरी आल्यावर आई सहज म्हणाल्या, अगं तो 'घरी चला' म्हणत होता, आपण शिट्ट्या-पिपाण्या ऐकत बसलो.

पंधरा मिनिटं सांगत होता तो. व्यवस्थित, न चिडता, त्याच्याजवळ असलेल्या एकुलत्या एका वाक्यात.

त्या प्रकाराला मेल्टडाउन म्हणतात आणि तो हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल एका डोळ्याने बघत असतं आपलं कोण ऐकतंय का, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मूल स्वतःच्याच हातात राहिलेलं नसतं, तेव्हा समजावणं, दटावणं, चॉकलेट दाखवणं सगळं म्हणजे त्या आवाजात अजून आवाज. जागा शांत करायची, लागेल असं काही असलं तर बाजूला घ्यायचं, आपण गप्प बसायचं. आणि खरं काम त्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांत असतं.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द पटत नाही, कुणी काही म्हणा. स्वतःत मग्न असतो तर बँड एवढा लागला असता का? त्याला बाहेरचं जास्तच येतं आत. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मिक्सर, ट्यूबलाइटची घूं, शर्टाचं मानेवरचं लेबल, आणि बाहेर काढलेल्या चपला कोणाच्या हे बघून पाहुणे कोण आलेत ते ओळखतो. मग्न आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून एक जुनी डायरी आणली आणि त्यात लिहायला सुरुवात केली. डावीकडे त्याचं वाक्य, उजवीकडे ते कुठून आलं आणि आत्ता कुठे वापरलं. दादाचा शब्दकोश. 'फलाट आणि गाडीमधील अंतर' म्हणजे फार जवळ येऊ नको (हे आत्याने पापी घेतल्यावर म्हणाला, आम्ही हसून हसून मेलो, पण आत्या बिचारी मागे सरकली). 'उशिराने धावत आहे' म्हणजे थांब, मला वेळ लागतोय. 'झालं झालं संपलं' हे लस देताना नर्स म्हणाली होती, ते दुखतंय या अर्थी. हे शेवटचं कळायला चार महिने गेले, तोपर्यंत कान दुखत असताना तो 'झालं झालं संपलं' म्हणायचा आणि आम्ही ताट उचलून ठेवायचो.

याला इकोलालिया म्हणतात, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं. लिओ कॅनर नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल लेख लिहिला, ऑटिझमच्या इतिहासात सगळे जण तो सांगतात. पण त्यांनीच १९४६ मध्ये अशा वरवर असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यावर वेगळा लेख लिहिला होता. त्यात एक मुलगा आहे, काहीही फेकावंसं वाटलं की स्वतःलाच सांगायचा कुत्र्याला बाल्कनीतून फेकू नको. ना कुत्रा ना बाल्कनी. मग आईला आठवलं की तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा खाली टाकत होता तेव्हा ती हे बोलली होती. म्हणजे १९४६ सालीच एका डॉक्टरने लिहून ठेवलंय की आधी आईला विचारा, आणि आमच्या पहिल्या थेरपिस्टने काय सांगितलं, तर तो असं बोलला की लक्षच देऊ नका, आपोआप बंद होईल. आम्ही तीन महिने खरंच लक्ष दिलं नाही. तो तीन महिन्यांत अजून गप्प झाला. दुसऱ्या मॅडम आल्या त्यांनी उलट सांगितलं, त्याचं वाक्य घ्या, 'हो, घरी जायचंय' असं त्याला जोडून छोटं वाक्य परत द्या, आणि तो तेच म्हणेल म्हणून अडून बसू नका. हळूहळू 'घरी जायचंय' पण आलं. दमला असेल तेव्हा अजूनही स्टेशनच येतं, आणि चालतं.

मराठीत अजून एक गंमत आहे. तो माझ्याकडून बोलायला शिकला म्हणून 'मी येते', 'मी जेवते' असं म्हणायचा. आणि पाणी हवं असेल तर 'तुला पाणी हवंय?', कारण आम्ही त्याला तसंच विचारतो ना. शाळेत मुलं फिदीफिदी हसायची. मग घरात आम्ही उलटं सुरू केलं, पाणी देताना विचारायचं नाही, त्याच्या वतीने म्हणायचं, 'मला पाणी हवंय', आणि हे वाक्य बाबाने म्हणायचं, म्हणजे 'जेवतो', 'येतो' पण त्यातच येतं. नवऱ्याला वर्षभर हे नाटक करायला लागलं.

बाकी घरात काय बदललं म्हणाल तर फार नाही. आई कुकर लावला की सांगतात, तीन शिट्ट्या होणार हं, आणि चौथी होऊ देत नाहीत, डाळ कच्ची राहिली तरी. (एकदा राहिली. आम्ही खाल्ली.) कप्प्याची थाळी आणली, वरण भाताला लागलेलं चालत नाही त्याला. केस घरीच कापतो, कात्रीने, मशीन नाही. बाहेर जायचं असेल तर आदल्या दिवशी कागदावर चार चित्रं, कुठे, कोण, काय खायचं, परत कधी. परत कधी हे चित्र सगळ्यात महत्त्वाचं. आणि आई जे आधी सारखं 'माझ्याकडे बघ' म्हणून हनुवटी धरून तोंड फिरवायच्या ते त्यांनी सोडलं, त्यांचं त्यांनाच जाणवलं की बघायला लावलं की तो ऐकत नाही, खिडकीकडे बघत असला की सगळं ऐकतो.

शाळेचं मात्र सोपं नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे, १९९५ च्या जुन्या कायद्यात तर नावच नव्हतं. त्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही हे कागदावर पक्कं आहे. पण पहिल्या शाळेने नाकारलं असं कुठे म्हटलं, त्यांनी फक्त दर आठवड्याला डायरीत 'वर्गात असंबद्ध बोलतो' असं लाल पेनने लिहिलं आणि वर्षअखेरीला गोड बोलून सुचवलं की याच्यासाठी दुसरीकडे बघा ना, तुमच्याच भल्यासाठी.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी जी तपासणी होते तिथेही हेच. आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची यादी असते, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यात इकोलालियाला वेगळे गुण, 'मी'च्या जागी 'तू' म्हणण्याला वेगळे. माझ्या शब्दकोशातलं अर्धं पान तिथे आकडा होऊन बसलं. तक्रार नाही, तो कागद काढाच, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यावरच मिळतं आणि पुढे दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मागायलाही तो लागणार. पण तिथून बाहेर पडताना मला विचित्र वाटलं होतं, आपण आपल्याच मुलाची चुगली करून आल्यासारखं.

दुसऱ्या शाळेत मी पहिल्याच दिवशी शब्दकोशाच्या दोन पानांची झेरॉक्स वर्गशिक्षिकेला दिली. रिपोर्टची फाइल पण होती, ती नंतर. टीचरनी ती झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि दुसरी पीटीच्या सरांना दिली. त्यांनी काही कोर्स वगैरे केलेला नाही, साठच्या वर पोरं आहेत वर्गात. पण त्याची जागा एकच ठेवली, भिंतीकडची, पंख्याखालची नाही. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास लिहितात आणि झालेला तास पुसतात, त्याचा इतर पोरांनाही फायदा झाला म्हणे. प्रार्थनेला लाउडस्पीकरपासून लांब शेवटी उभा राहतो, कानाला हेडफोन. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजतात आणि मग परत विचारतात, तोच प्रश्न, त्याच शब्दांत, कारण शब्द बदलले की त्याला तो नवीन प्रश्न वाटतो. हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं, मी नाही सांगितलं.

गेल्या डिसेंबरमध्ये त्या रजेवर होत्या. बदली टीचरनी बाकं हलवली, गॅदरिंगची प्रॅक्टिस म्हणून स्पीकर वर्गातच लावला. त्यांना कपाटाच्या आतलं कुणी सांगितलं नव्हतं. मला ऑफिसमध्ये फोन आला तेव्हा मागून ओरडणं ऐकू येत होतं. पण मी रिक्षाने पोचेपर्यंत तो व्हरांड्यात शांत बसलेला, शेजारी त्याच्या बाकावरची मुलगी. ती मला म्हणाली, काकू तो 'पुढील स्टेशन' म्हणत होता, मी टीचरना सांगितलं त्याला बाहेर जायचंय, पण त्यांना कळलंच नाही. मग मीच नेलं.

कुठून शिकली विचारलं तर म्हणे, कपाटाचं दार उघडं असतं की.

तेव्हापासून झेरॉक्स बाहेरच्या बाजूला लावलीये. जूनमध्ये चौथी, नवीन टीचर, नवीन वर्ग, त्याआधी एक दिवस रिकाम्या वर्गात नेऊन त्याला जागा दाखवायची परवानगी मागितलीये, बघू. आणि शब्दकोशात सध्या एक वाक्य अडलंय. गणपतीपासून तो मधूनच म्हणतो, 'सुट्टे नाहीत, उद्या घेऊन जा.' भाजीवाल्याचं आहे हे नक्की. कधी झोपताना म्हणतो, कधी बहिणीने खेळणं मागितलं की, एकदा तर आंघोळीच्या बादलीला म्हणाला. नवऱ्याला वाटतं 'आत्ता नको', आईंना वाटतं 'उद्या करू'. मी उजवीकडची जागा रिकामी ठेवलीये, पेन्सिलने प्रश्नचिन्ह.