सेव्हिलच्या वाड्यावर अल्लाचं नाव कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. स्पेनमधल्या सेव्हिलचा अल्काझार, म्हणजे राजवाड्यांचं आवार, पाहून आलेले बरेच जण मला हेच विचारतात: वाडा ख्रिश्चन राजाचा, मग त्यावर अरबी लेख कसे? आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, मुसलमानांचा जुना वाडा बळकावला असणार.

तसं नाही. सेव्हिल ख्रिश्चनांच्या हाती आलं १२४८ मध्ये. त्यातला हा वाडा कॅस्टिल या ख्रिश्चन राज्याच्या पेद्रो राजानं त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, १३६४ मध्ये, हौसेनं नवा बांधवला. दर्शनी भिंतीवर गॉथिक लिपीत त्याचं नाव आहे आणि त्या लेखाच्या मधोमध, निळ्या-पांढऱ्या फरशांत, 'अल्लाशिवाय कोणी विजेता नाही' हे ग्रानादा या दक्षिणेतल्या मुसलमान राज्याच्या सुलतानांचं ब्रीद. आतल्या अरबी लेखांत तर पेद्रोलाच सुलतान म्हटलंय.

ग्रानादाचा सुलतान होता पाचवा मुहम्मद. १३५९ मध्ये सावत्र भावानं त्याची गादी घेतली, तो मोरोक्कोत फेजला पळाला. पुढे त्या भावालाही मारून सहावा मुहम्मद गादीवर बसला आणि त्यानं पेद्रोच्या वैऱ्याशी, शेजारच्या अरागॉनच्या ख्रिश्चन राजाशी, संधान बांधलं. मग पेद्रोनं पाचव्याची बाजू घेतली. १३६२ मध्ये सहावा जडजवाहीर घेऊन पेद्रोच्याच आश्रयाला आला, तर पेद्रोनं त्याला सेव्हिलबाहेर तब्लादाला स्वतःच्या हातानं मारलं. आश्रयाला आलेल्याला! लोक पेद्रोला 'क्रूर' म्हणतात ते उगीच नाही. पाचव्याला मात्र गादी परत मिळाली.

म्हणून त्या भिंतीपुढे उभं राहून सहिष्णुतेचे गोडवे गायले जातात ते मला पटत नाही. नक्षीकामाची आवड खरी होती, ग्रानादाचे कारागीर तिथे राबले हेही खरं. पण पेद्रो आणि पाचव्या मुहम्मदची मैत्री गरजेची होती. पेद्रोलाही एन्रिके नावाचा, गादीवर डोळा असलेला सावत्र भाऊ होता. परधर्मी शेजाऱ्यापेक्षा दोघांनाही घरच्याच माणसांची भीती जास्त. पेद्रो मुसलमानांचा आणि ज्यूंचा मित्र आहे, अशी बोंब एन्रिकेनंच उठवली. अरागॉन ग्रानादाच्या सुलतानाशी हातमिळवणी करत होतं तेव्हा असलं कुणाला सुचलं नव्हतं.

१३६९ मध्ये मोंतिएलच्या लढाईत ग्रानादाचे स्वार पेद्रोकडून लढले. पेद्रो हरला, आणि काही दिवसांतच एन्रिकेनं त्याला भोसकलं. त्याच वर्षी, कॅस्टिलमधला गोंधळ साधून, पाचव्या मुहम्मदनं कॅस्टिलचं अल्हेसिरास बंदर घेतलं. ते १३४४ मध्ये पेद्रोच्या वडिलांनीच मुसलमानांकडून जिंकलं होतं.