कारांदा डावीकडे, कोनफळ उजवीकडे

चातुर्मासात लग्नं नसतात. त्यामुळे आमच्या धंद्यात पावसाळा म्हणजे कॅमेरे सिलिका जेलच्या डब्यात ठेवून ईएमआय मोजत बसायचा काळ. अशात एका निसर्ग माहिती केंद्राकडून परिसरातल्या वेलींचे फलक करायचं काम आलं, आणि मी घासाघीस न करता हो म्हणून बसलो. यादीत कळलावी, कवंडळ, गारंबी, गुळवेल, आणि कारांदा व कोनफळ हे दोन कंदांचे वेल. सगळं सावंतवाडीच्या आसपास, आंबोली घाटाच्या पायथ्याला मिळणारं. मॅक्रो लेन्स होती, फ्लॅश होते, वेळ तर होताच.

वेलीचा फोटो वाटतो तितका सोपा नाही. झाड एका जागी उभं असतं, तुम्ही त्याच्याभोवती फिरून कोन शोधता. वेल मात्र दुसऱ्याच्या अंगावर असते. तिचं मूळ एका कुंपणात, शेंडा तिसऱ्याच झाडावर, आणि मधे सगळा हिरव्यावर हिरवा गोंधळ. फ्रेममध्ये नक्की कुणाचं पान कुणाचं आहे हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून बहुतेक जण फुलावर झूम करतात आणि सुटतात. वेलींचे म्हणून जे फोटो आपल्याला दिसतात, त्यातले निम्मेअधिक खरं तर फक्त फुलांचेच असतात.

माझ्या डोक्यात कार्ल ब्लॉसफेल्ट होता. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारा हा माणूस. विद्यार्थ्यांना नक्षीचे नमुने दाखवता यावेत म्हणून तो वनस्पतींचे तुकडे साध्या पुठ्ठ्यापुढे ठेवायचा आणि स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने कित्येक पट मोठे करून टिपायचा. १९२८ साली त्याचे फोटो पुस्तकरूपाने आले आणि तो गाजला, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती. त्याचे भोपळ्याच्या वेलीचे तणावे, म्हणजे आधार धरणारे दोऱ्यासारखे हात, बघितले तर लोखंडी जाळी करणाऱ्या कारागिराचं काम वाटावं. मी तसंच काहीतरी करणार होतो. तणावे कापायचे, करड्या कागदापुढे लावायचे, बाजूने मऊ उजेड टाकायचा.

तो बेत सकाळी नऊच्या आतच बारगळला.

आम्ही चौघं होतो. गाडी चालवत आणणारा माझा मित्र, जो फक्त पक्षी टिपतो आणि बाकी सगळ्याला ‘स्थिर वस्तू’ म्हणतो. सावंतवाडीच्या एक ताई, ज्या गेली कित्येक वर्षं किडे आणि कोळी यांचेच फोटो काढतात. बाजारातल्या एका जुन्या स्टुडिओचे काका, आणि त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या. काकांनी रोलच्या काळापासून पासपोर्ट आणि लग्नं केलेली. त्यांच्याच परसात कारांदा आणि कोनफळ शेजारी शेजारी चढवले होते, म्हणून सुरुवात तिथून.

मी खिशातून कात्री काढली तशी काकांनी हातच धरला. ‘‘कापू नको हां. कापलंस की पाच मिन्टात मान टाकतला तां.’’ ताईंचंही तेच म्हणणं, कारण वेगळं. ‘‘तणावा कापलास की त्याने ज्याला धरलंय ते फोटोत उरत नाही. मग उरलं काय?’’

आणि त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून दुधी रंगाचा अॅक्रिलिकचा तुकडा काढला, साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. वेल जिथे आहे तिथेच तिच्या मागे तो धरायचा. तुकड्याच्या मागून एक फ्लॅश, पुढून दुसरा, उजेड मऊ करणाऱ्या छोट्या डिफ्यूजरमधून. मागचा उजेड इतका वाढवायचा की पार्श्वभूमी कोरी पांढरी होते आणि पानातली शीर न् शीर उजळते. ही पद्धत ताईंनी शोधलेली नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. क्ले बोल्ट आणि नायल बेनव्ही या दोघा छायाचित्रकारांनी २००९ मध्ये ‘मीट युअर नेबर्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. आपल्या आजूबाजूचे साधे जीव त्यांच्याच जागी, पांढऱ्या उजेडासमोर टिपायचे आणि तिथेच सोडून द्यायचे, असं त्याचं स्वरूप. ताईंनी तिथून ती उचलली आणि कोळ्यांवर वापरली. वेलींवर कधी करून पाहिली नव्हती.

काका हे सगळं बघत होते. मग आत गेले आणि पासपोर्ट फोटोसाठी मागे टांगतात तो पांढरा पडदा घेऊन आले. ‘‘ह्या मी पयल्यापासून करतंय. माणसामागे पांढरा लावला की माणूस दिसता. वेलीमागे लावला तर वेल दिसतली.’’ पडदा पावसाने भिजून जड झाला आणि लोंबायला लागला, म्हणून शेवटी अॅक्रिलिकच वापरलं. पण मोठ्या वेलीसाठी पडदा लागणार हे तिथेच ठरलं.

पांढऱ्यासमोर पहिल्यांदा कारांदा टिपला, मग कोनफळ. दोन्ही फ्रेम कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाठोपाठ बघताना ताई म्हणाल्या, ‘‘थांब. मागे जा. आता पुढे.’’ मला काही दिसलं नव्हतं. कारांद्याचा वेल काठीला विळखा घालत चढताना समोरून दिसणारी त्याची प्रत्येक तिरकी रेघ खालच्या उजवीकडून वरच्या डावीकडे जात होती. कोनफळाची बरोबर उलट, डावीकडून उजवीकडे. दोघं एकाच कुळातले, एकाच ऊन-पावसात, हातभर अंतरावर. पण कारांदा कायम डावखुराच चढतो आणि कोनफळ कायम उजवं. तुम्ही हाताने उलटं गुंडाळलंत तर शेंडा ते सोडवून पुन्हा आपल्याच बाजूने निघतो. कंदांच्या या कुळात जाती ओळखताना वनस्पतिशास्त्रज्ञ ही खूण वापरतात. कोनफळाचं खोड चौकोनी आणि कडांना पात्यासारखे पंख असलेलं, कारांद्याचं गोल आणि गुळगुळीत, हेही त्या पांढऱ्या उजेडात असं दिसलं की फलकावर बाण काढून सांगायची गरजच राहिली नसती.

पुतण्याला एवढ्याने समाधान नव्हतं. तो रील्स करतो, त्याला हालचाल हवी. त्याने माडीच्या खिडकीतून मोबाइल खाली तोंड करून बांबूला रबरबँडने बांधला, वर छत्री धरली आणि दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो असं लावून दिलं. खाली कारांद्याचा मोकळा शेंडा, अजून कशालाच न धरलेला. आम्ही चहा-पोहे होईपर्यंत इतर कामं करत होतो. परत येऊन त्याने ते फोटो एकामागोमाग पळवून दाखवले आणि पक्षीवाला मित्रसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसला. शेंडा हवेत गोल फिरत होता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश, आंधळा माणूस हात पुढे करून भिंत चाचपतो तसा. काठीला लागला आणि तिथून विळखा सुरू झाला.

चार्ल्स डार्विनने हे मोजून ठेवलंय. तो आजारी असताना खोलीत ठेवलेल्या हॉपच्या वेलीकडे बघत बसायचा. उबदार हवेत, दिवसा, त्या शेंड्याला एक फेरा पुरा करायला सरासरी २ तास ८ मिनिटं लागत. वेलींच्या हालचालींवरचा त्याचा प्रबंध १८६५ चा. हॉपही कारांद्यासारखाच डावा चढणारा. हे वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि मोबाइलवर फिरताना पाहिलेलं यात फरक पडतोच. मी पुतण्याकडून ते सगळे फोटो घेतले आणि नंतर एकावर एक बसवून शेंड्याच्या वाटेचं एकच चित्र केलं. काठीभोवती फिकट हिरव्या टोकांचं एक कडं. फलकांमधला सगळ्यात जास्त विचारला जाणारा फोटो तो आहे, आणि त्यासाठी माझ्या महागड्या लेन्सचा काडीचाही उपयोग झालेला नाही.

दुपारच्या आधी कळलावी. गडग्यावर कुसळी गवतातून वर आलेली, पिवळ्या-तांबड्या पाकळ्या मागे वळलेल्या, एकदम फुलावर आलेली. मी सवयीने गुडघ्यावर बसून फुलाला भिडलो. काका मागून म्हणाले, ‘‘फूल खंय पळान जाता? आदी तेचो हात बग.’’

हात म्हणजे पानाचं टोक. कळलावीला वेगळे तणावे नसतात. पानाची मधली शीर टोकापुढे दोऱ्यासारखी वाढते आणि जे लागेल त्याला गुंडाळते. तिथे एका पानाने गवताच्या काडीला दीड वेढा घातला होता आणि काडी त्या जागी दबून किंचित वाकली होती. वरच्या पानाने दुसरीच काडी धरली होती, आणि त्याच्याही वरच्या पानाला काहीच न मिळाल्याने त्याने स्वतःशीच कडं करून घेतलं होतं. ताईंनी अॅक्रिलिक सरकवलं, लेन्सचं छिद्र एफ ११ वर, मागचा फ्लॅश पुढच्यापेक्षा दीड स्टॉप जास्त उजेडाचा. फूल फ्रेमच्या बाहेर राहिलं. कळलावीचा फोटो आणि त्यात फूल नाही, हे ज्यांना दाखवलं त्यांनी आधी नाक मुरडलं. मला अजूनही तोच आवडतो.

गारंबीवर फार लिहीत नाही. देवराईतली ती वेल म्हणजे माणसाच्या मांडीएवढं पिळलेलं खोड, वर शेंगा हातापेक्षा लांब. कुठलीही लेन्स तिला पुरत नाही. मित्राने खालपासून वरपर्यंत उभ्या फ्रेम घेऊन जोडायला सुचवलं, तसं केलं, काका मापासाठी बाजूला उभे राहिले. गुळवेल तर परतीच्या वाटेवर विजेच्या खांबावरच मिळाली. जळवांनी सगळ्यांचा हिशेब सारखा केला.

खरा दिवस संध्याकाळी उजाडला. कवंडळाची फळं सगळ्यांना माहीत असतात, शेंदरी-लाल, पट्ट्यापट्ट्यांची. चवथीला गणपतीवर बांधतात त्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, ती टांगतात, त्यामुळे त्या आठवड्यात गावातले लोक रानात त्यांच्याच मागे असतात. आम्हाला फुलं हवी होती, ती रात्री उमलणारी. नराच्या आणि मादीच्या वेली वेगळ्या. काकांच्या मागच्या फणसावर नराची वेल होती, आणि ताईंनी दुपारीच फुगलेल्या कळ्या हेरून फांदीला लाल दोरा बांधून ठेवला होता.

अंधार पडायच्या आधी तणाव्यांचं काम उरकलं. फणसाची डहाळी आणि वेल यांच्यामधे एक तणावा दोन्हीकडून पक्का होता, मधे स्प्रिंगसारखी वेटोळी. ताईंनी बोट न लावता पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. वेटोळी डहाळीकडून निघाली की एका बाजूने फिरतात, मग मधेच एक छोटा सरळ तुकडा, आणि तिथून पुढे उलट बाजूने. दोन्ही टोकं बांधलेली दोरी मधे पिळायची तर एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूने फेडावाच लागतो. नाहीतर एकतर टोक सुटेल किंवा दोरी तुटेल. डार्विननेही याचा उलगडा असाच केला होता. वारा आला की ती स्प्रिंग ताणते, परत येते, वेल निसटत नाही. पाऊस थांबल्याथांबल्या वारा पडतो ती दहाएक मिनिटं आम्हाला मिळाली. ब्लॉसफेल्टला हा तणावा दिला असता तर त्याने उत्तम टिपला असता यात शंका नाही. पण डहाळी कापली असती.

मग पक्षीवाल्या मित्राची पाळी. दिवसभर तो टिवल्याबावल्या करत होता, आता एकदम गंभीर. फ्लॅश दोन बाजूंना, चौसष्टांश ताकदीवर, म्हणजे चमक इतकी छोटी की पंख थिजतात. ट्रायपॉड, रिमोट. आणि मला म्हणाला, ‘‘फुलावर फोकस करू नकोस. फुलाच्या पुढच्या हवेत कर. येणारा तिथे थांबणार आहे.’’ खंड्यासाठी तो असाच काठीच्या वर फोकस लावून तासन्‌तास बसतो.

सातच्या सुमारास कळी सुटली. पाकळ्यांच्या कडांना बारीक धागे असतात, कळीत ते गुंडाळून ठेवलेले. पाकळी मागे झाली आणि धागे एकेक करून उलगडत बाहेर पडले. काही एकमेकांत अडकले, हिसका बसल्यासारखे सुटले. पांढरी जाळीदार झालर पूर्ण पसरायला फार वेळ लागला नाही. बोलत कुणी नव्हतं, फक्त काका अधूनमधून तपकीर ओढत होते.

पतंग आला तो हॉक मॉथच्या जातीतला, चांगला मोठा. फुलावर बसला नाही. पुढच्या हवेत तरंगत थांबला, सोंड लांब करून. मित्राने रिमोट माझ्या हातात दिला होता. काम माझं होतं म्हणून. मी दाबलं.

फोटो पाठवून झाल्यावर डिझायनरचा पीडीएफ आला. कारांद्याचा फोटो त्याने आडवा उलटवला होता, कारण वेल मजकुराच्या दिशेने जाताना बरी दिसते. शेजारी कोनफळ. दोन्ही वेली आता उजव्या. मी फोन केला. तो म्हणाला, ‘‘सर, हे कुणाच्या लक्षात येणार आहे?’’ मी त्याला मोबाइलवर पुतण्याचा तो व्हिडिओ पाठवला आणि सांगितलं की हा फलक ज्या गावात लागणार तिथे प्रत्येकाच्या परसात कारांदा आहे. त्याने उलटवलेला फोटो सरळ केला, पण मग मजकूर डावीकडे न्यावा लागला आणि श्रेयनामाची ओळ बसेना. एकच नाव राहील म्हणाला. मी त्याला चार नावं टाइप करून दिली, लहान अक्षरात का होईना, आणि जागा हवी असेल तर गुळवेलीचे औषधी गुण कमी कर म्हटलं. तेवढी यादी त्याने आनंदाने कापली.